टाळणं आणि टाळणं

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा विषय असतो आणि त्यात एक प्रश्न हमखास येतो: ‘डेडलॉक प्रिव्हेन्शन’ आणि ‘डेडलॉक अव्हॉइडन्स’ यांतला फरक स्पष्ट करा. मार्क पाच. मधे रेघ मारून दोन रकाने पाडायचे आणि पाठ केलेले मुद्दे उतरवायचे. माझ्यासारखी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलं इथे जरा अडखळतात, कारण दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर मनात एकच शब्द उमटतो: टाळणं. संकट टाळणं म्हणजे प्रिव्हेन्ट करणं, आणि संकट टाळणं म्हणजेच अव्हॉइड करणं. मग पाच मार्कांचा फरक आणायचा कुठून?

फरक आहे, आणि तो परीक्षेपेक्षा बराच मोठा आहे. गेली काही वर्षं मी ठाण्याला नोकरीला जातो, राहतो भिवंडीत, कामतघरला. या गावाकडे, आमच्या इमारतीकडे आणि स्वतःकडे बघताना मला हा फरक सारखा दिसतो. म्हणून हा लेख.

आधी डेडलॉक म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडच्या एखाद्या अरुंद गल्लीची कल्पना करा. दोन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने. एका टोकाकडून कापडाचे तागे भरलेला टेम्पो आला, दुसऱ्या टोकाकडून सुताच्या गोण्या भरलेला. मधोमध दोघे समोरासमोर. पहिला म्हणतो तू मागे हो, दुसरा म्हणतो तू. दोघांच्या मागे रिक्षा येऊन थांबल्यात, आता मनात आणलं तरी कुणालाच मागे जाता येत नाही. कॉम्प्युटरमध्ये दोन प्रोग्रॅम असेच अडकतात. प्रत्येकाने एक वस्तू धरून ठेवलेली असते आणि दुसऱ्याच्या हातातली हवी असते.

१९७१ मध्ये कॉफमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं की अशी कोंडी व्हायला चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातली न सोडता प्रत्येक जण पुढची मागतो. कुणाच्या हातातून ती जबरदस्तीने काढून घेता येत नाही. आणि वाट बघणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्यापाशी येते. प्रिव्हेन्शन म्हणजे या चारपैकी एक गोष्ट कधी जुळूच नये अशी व्यवस्था करणं. उदाहरणार्थ, गल्ली एकेरी वाहतुकीची करणं. मग कुणीही या, कितीही या, समोरासमोर कोंडी होणार नाही.

अव्हॉइडन्समध्ये गल्ली तशीच राहते. तिच्या तोंडाशी एक हुशार माणूस उभा करायचा. तो दर वेळी बघतो की आत कोण आहे, पलीकडून कोण येतंय, याला सोडला तर पुढे अडकेल का. धोका नसेल तरच हात हलवतो. डाइक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात यासाठी बँकर्स अल्गोरिदम सुचवला. सावध बँकर जसा सगळ्यांची पुढची मागणी डोक्यात धरूनच कर्ज देतो, तसा. पद्धत सुरेख आहे, पण त्या माणसाला सतत जागं राहावं लागतं आणि कुणाला किती लागणार हे आधीच ठाऊक असावं लागतं. तो जेवायला गेला की गल्ली पुन्हा जैसे थे.

पाठ्यपुस्तकात आणखी एक मार्ग असतो, त्याला शहामृगाचं नाव दिलंय. काहीच करायचं नाही, क्वचित घडतं म्हणून सोडून द्यायचं. आपल्याकडे डोळे मिटून दूध पिणारं मांजर आहेच.

आता भाषेकडे येऊ. ‘अव्हॉइड’ हा शब्द आपण केव्हाच मराठी करून टाकलाय. ‘ती मला अव्हॉइड करतेय’, ‘तेलकट अव्हॉइड कर’. ‘प्रिव्हेन्ट’ मात्र बोलण्यात ऐकू येत नाही. तो औषधाच्या खोक्यावर आणि सरकारी पोस्टरवर राहतो. मराठीत त्याच्यासाठी शब्द नाहीत असं नाही. प्रतिबंध आहे, निवारण आहे, रोखणं आहे. पण घरात, नाक्यावर, चहाच्या टपरीवर आपण टाळणंच म्हणतो. त्याच्याही पुढची गंमत म्हणजे ‘टळणं’. ‘मोठा अनर्थ टळला’ ही बातमी तुम्ही असंख्य वेळा वाचली असेल. कुणी टाळला? वाक्यात कर्ताच नाही. अनर्थ आला, दारातून डोकावला आणि आपणहून निघून गेला. याच धातूपासून दोन टोकांचे शब्द आले आहेत: एक ‘टाळाटाळ’ आणि दुसरा ‘अटळ’. एखाद्या कामाची वर्षानुवर्षं टाळाटाळ करावी आणि शेवटी जे घडेल त्याला अटळ म्हणावं, इतकी सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे.

दोन्ही इंग्रजी शब्दांची मुळंही बघण्यासारखी आहेत. प्रिव्हेन्ट लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ आधी येणं, आधी पोहोचणं. अव्हॉइडच्या पोटात ‘व्हॉइड’ आहे, म्हणजे रिकामं. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येताना त्याचा अर्थ रिकामं करणं, जागा सोडून जाणं असा होता. संकटाच्या आधी तिथे पोहोचायचं, की संकट येणार ती जागा रिकामी करायची? माझ्या दृष्टीने सगळा नैतिक प्रश्न या दोन मुळांमध्ये आहे.

अंजूरफाट्याच्या रस्त्याने पावसाळ्यात बाइक चालवली असेल तर हे लगेच कळेल. पाण्याखालचा खड्डा आपल्याला माहीत असतो, आपण हँडल वळवतो आणि वाचतो. यात गैर काही नाही. पण खड्डा जिथे होता तिथेच आहे, आणि मागून येणाऱ्याला तो ठाऊक नाही. कधीकधी कुणीतरी बिननावाचा माणूस झाडाची फांदी तोडून त्या खड्ड्यात उभी करून ठेवतो. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. त्याने खड्डा बुजवलेला नाही, तेवढं त्याच्या हातात नव्हतं. पण स्वतः टाळून तो पुढे निघून गेला नाही, मागच्याला टाळता येईल एवढं त्याने केलं. दोन शब्दांच्या मधे जी जागा आहे, तिथे ही फांदी उभी असते.

आमच्या घरातलं दुसरं उदाहरण. माझी धाकटी बहीण क्लासवरून संध्याकाळी येते. जवळचा रस्ता गोदामांच्या मागून येतो आणि तिथे दिवे नाहीत. आईने तिला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलंय, ती वाट टाळायची. ती टाळते. मुख्य रस्त्याने वळसा घालते, रोज वीस मिनिटं जास्त चालते. वर्षाचा हिशोब मांडला तर कितीतरी दिवस होतात. हे दिवस कुणाच्या खात्यातून गेले? दिवा लावायची जबाबदारी ज्याची होती त्याच्या नाही, तिथे टोळकं करून बसणाऱ्यांच्याही नाही. तिच्या खात्यातून गेले. एखादं संकट रोखण्याचं काम कुणी केलं नाही म्हणून ते काम संपत नाही. ते टाळण्याच्या रूपाने खाली सरकत जातं आणि ज्याच्या हातात सगळ्यात कमी असतं त्याच्या डोक्यावर येऊन बसतं. मग आपण त्यालाच ‘जरा सांभाळून राहा’ म्हणतो.

भिवंडीत राहणाऱ्याला या विषयावर बोलताना दंगलीबद्दल बोलणं भाग आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इथे दंगल पेटली. पाठोपाठ जळगाव आणि महाडमध्येही हिंसाचार झाला. चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. एका दिवशी भडकलेल्या आगीचं सरपण त्याआधी किती काळ साचत होतं, हे त्या अहवालात तपशिलाने आलंय. दंगलीनंतर मिरवणूक बरीच वर्षं बंद राहिली. म्हणजे तो विशिष्ट क्षण टाळला गेला. गल्लीच्या तोंडाशी माणूस उभा केला गेला. पण गल्ली बदलली नव्हती. मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे, मुंबई या पट्ट्यात पुन्हा दंगल झाली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली.

माझे आजोबा शहापूर तालुक्यातून इथे मागावर कामाला आले होते. घरात सांगतात की गावात काही शिजतंय अशी कुणकुण लागली की आजोबा आजीला आणि मुलांना एसटीत बसवून गावी धाडायचे. १९८४ मध्येही तेच केलं. आमच्या घरातलं कुणी दगावलं नाही. आजोबांनी जे केलं ते कुठल्याही बापाने केलं असतं. पण आम्हाला जायला एक गाव होतं. ज्यांच्या तीन पिढ्या इथेच गेल्या, ज्यांचा माग, घर आणि कब्रस्तान किंवा स्मशान सगळं याच दोन-तीन मैलांत होतं, त्यांनी कुठली एसटी पकडायची? तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं आमच्या शेजारी होती. त्यांचं गाव एका दिवसात गाठण्याइतकं जवळ नव्हतं. टाळता येणं हीसुद्धा एक मालमत्ता असते, आणि ती सगळ्यांकडे सारखी नसते.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीत हिंदू आणि मुसलमान रहिवासी साधारण सारख्या संख्येने एकत्र बसू लागले, आणि त्यांच्यासोबत त्या भागातले पोलीस. तणाव आला की बैठक, ही जुनी शांतता समितीची रीत. इथे तणाव नसतानाही बैठक होई. नळाचं पाणी, भाडेकरूचं भांडण, कुणाच्या तरी पोराची उनाडकी, असले विषय असत. वरवर बघता यात दंगलीचा संबंधच नाही. पण कोंडीच्या चार अटी आठवा. दंगलीच्या अटींमध्ये एक अट अशी असते की अफवा खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या बाजूला ओळखीचं कुणी नसावं. ही एक अट काढून घेतली की बाकीच्या जुळूनही गाडी पुढे सरकत नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार सुमारे ९०० माणसं मेली. मुंबईच्या इतक्या जवळ असलेल्या, आधी दोनदा जळलेल्या भिवंडीत दंगल झाली नाही. मुंबई जळाली मग भिवंडी का नाही, या प्रश्नावर पुढे खोपडे यांनी पुस्तकच लिहिलं. आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकाने २००२ च्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. मुंबईत १९९४ मध्ये मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली, तिच्यासमोर भिवंडीचा नमुना होता.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भिवंडीत हिंदू-मुसलमानांचा रोजचा संबंध आधी नव्हता असं मुळीच नाही. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, कारागीर तिसरा, टेम्पो चौथ्याचा. ताण्याशिवाय बाणा चालत नाही, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. तरीही १९७० आणि १९८४ झालं. म्हणजे नुसतं शेजारी असणं, धंद्याने एकमेकांत गुंतलेलं असणं पुरलं नाही. कुणीतरी मुद्दाम, काही घडायच्या आधी, बसायची जागा करावी लागली. आधी पोहोचणं म्हणतात ते हेच.

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रिव्हेन्ट चांगलं आणि अव्हॉइड वाईट, संपला विषय. तसं नाही. रोखण्याच्या तीन अडचणी आहेत.

पहिली, त्याचं श्रेय मिळत नाही. १९९९ संपताना जगभरच्या प्रोग्रॅमरांनी, त्यात आपल्याकडचे हजारो होते, जुन्या कोडमधल्या दोन अंकी वर्षाच्या नोंदी शोधून दुरुस्त केल्या. १ जानेवारी २००० उजाडला, विमानं उडत राहिली, बँका चालू राहिल्या. लोक म्हणाले, उगाच बाऊ केला होता! माझ्या कामातही हेच आहे. मध्यरात्री सर्व्हर पडल्यावर उठून तो उभा करणाऱ्याचं कौतुक होतं. ज्याच्यामुळे तो पडलाच नाही, त्याने काय केलं हे अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहायला रकानाही नसतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. टाळायला फक्त माझी परवानगी लागते. रोखायला इतरांवर काहीतरी सत्ता लागते. म्हणून रोखण्याच्या नावाखाली अन्याय फार सहज होतो. प्रतिबंधात्मक अटक ही गोष्ट आपल्या संविधानाच्या २२ व्या कलमातसुद्धा आहे. गुन्हा घडण्याआधीच माणूस आत. मुलीला काही होऊ नये म्हणून तिचा क्लासच बंद करणारा बापही स्वतःला रोखणाराच समजतो. इथे एक कसोटी मला उपयोगी पडते: दार कुणावर बंद झालं? धोक्यावर, की धोक्यात असलेल्या माणसावर? गोदामामागे दिवा लागला तर धोक्यावर. बहिणीचा क्लास बंद झाला तर तिच्यावर. दुसऱ्या प्रकाराला कितीही मोठं नाव द्या, ते टाळणंच आहे, आणि तेही दुसऱ्याच्या जिवावर केलेलं.

तिसरी, रोखणं एकदा करून संपत नाही. जुलै २००६ मध्ये इथेच एका पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून वाद चिघळला. गोळीबारात दोन माणसं मेली, नंतर जमावाने दोन पोलिसांना मारून टाकलं. ज्या गावात पोलीस आणि वस्ती एका सतरंजीवर बसायची पद्धत पडली होती, त्याच गावात. कोडसारखीच शांततेलाही देखभाल लागते. लिहिणारा बदलून गेला की हळूहळू ती गंजते.

आता माझा प्रश्न. आमची इमारत तीस वर्षांहून जुनी आहे. इतक्या जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावं लागतं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि ३५ हून जास्त लोक गेले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक जण जिन्यातल्या तड्याकडे बघून वर चढतो. ऑडिटला पैसे लागतात, दुरुस्तीला त्याहून जास्त. मीटिंग होते, निम्मे येत नाहीत, आलेले पुढची तारीख ठरवतात. दरम्यान चार बिऱ्हाडं ठाण्या-कल्याणला निघून गेली. बाबा म्हणतात, तुझं लग्न व्हायच्या आत आपणही कासारवडवलीला बघू, कर्ज मिळतंय. मी फ्लॅट बघून आलोय. चांगला आहे.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. जाणं सोपं असेल तर सगळ्यात आधी ते जातात ज्यांना बिघाड सगळ्यात जास्त खुपत होता. म्हणजे जे सगळ्यात जोरात बोलले असते तेच. आमच्या इमारतीत अगदी हेच झालं. गेलेल्या चार बिऱ्हाडांपैकी तिघं असे होते की मीटिंगला वेळेवर यायचे आणि हिशोब मागायचे. त्यांनी फक्त घर रिकामं केलं नाही, खुर्चीही रिकामी केली. मागे उरले ते तळमजल्यावरचे भाडेकरू, दोन म्हातारी जोडपी, आणि ज्यांचा माग बंद पडलाय असा एक कारागीर. यांच्यापैकी कुणाला कासारवडवलीचं कर्ज मिळणार नाही.

जाणाऱ्याला मी दोष देत नाही. जीव वाचवायला जागा सोडणं हा माणसाचा हक्कच आहे. त्यांच्या जागी मी असतो तर, असं म्हणायचीही गरज नाही, कारण मी त्यांच्याच जागी आहे. मला एवढंच वाटतं की दोन क्रियापदांची गल्लत करू नये. आम्ही गेलो तर आमच्यावरचं संकट टळेल. इमारतीवरचं टळणार नाही, उलट एक सही आणि एक वर्गणी कमी झाल्याने ते थोडं जवळ येईल. एका घराचं टाळणं दुसऱ्या घराचं रोखणं अवघड करून ठेवतं, हे डोळ्यासमोर ठेवून मगच काय ते ठरवावं.

बाबांशी आणि आईशी बरंच बोलून आम्ही सध्या इतकं केलंय. ऑडिटसाठी इंजिनिअरची फी किती हे मी विचारून आणलं आणि घरटी वाटा काढून तो आकडा जिन्यात लावला. आमचा वाटा भरला. सोसायटीला लिहून दिलं की आम्ही इथे राहिलो किंवा नाही, खोली आमच्या नावावर आहे तोवर दुरुस्तीचा आमचा हिस्सा आम्ही देऊ. गेलेल्या चारही घरांना फोन केले. दोघांनी पैसे पाठवले, एकाने बघतो म्हटलं, एकाने फोन उचलला नाही. फ्लॅटचं अजून ठरलेलं नाही. ऑडिटवाले पुढच्या रविवारी येणार आहेत. सगळ्यांच्या खोल्या उघड्या असायला हव्यात, म्हणून बंद असलेल्या चार घरांच्या किल्ल्या गोळा करायचं काम बाबांनी घेतलंय.